तीन हजार मीटर स्टीपलचेस (पुरुष) आणि मराठवाडा

ट्रॅकवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींपैकी अडथळे असलेली एकमेव शर्यत म्हणजे ३००० मीटर स्टीपलचेस. ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिच्या जोडीला ५००० मीटर (साडेबारा फेऱ्या) आणि १०,००० मीटर (२५ फेऱ्या) या शर्यती असतात. त्या दोन्ही मोकळ्या ट्रॅकवर होतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेमुळे मराठवाड्याचे नाव या शर्यतीशी कायमचे जोडले गेले. ही शर्यत नेमकी कशावर जिंकली जाते हे समजल्याशिवाय त्याच्या कामगिरीचे मोलही कळत नाही आणि त्याच्या मागून येऊ पाहणाऱ्या पोरांचे अडते कुठे तेही कळत नाही.

शर्यतीची रचना

सुरुवातीचा थोडा टप्पा मोकळा असतो, त्यामुळे घोळक्याला पांगायला वाव मिळतो. त्यानंतरच्या सात पूर्ण फेऱ्यांत प्रत्येकी पाच अडथळे येतात, म्हणजे एकूण ३५. त्यांतले २८ कोरडे आणि ७ पाण्याचे. प्रत्येक फेरीतला चौथा अडथळा पाण्याचा असतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सें. मी. असते. एकेका अडथळ्याचे वजन ८० ते १०० किलो भरते आणि त्याच्या वरच्या पट्टीची जाडी-रुंदी १२.७ सें. मी. असते. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. हा जागचा हलत नाही. गुडघा आपटला तर धावपटूच खाली येतो.

पाण्याच्या अडथळ्यापुढे खड्डा असतो. अडथळ्यासह त्याची लांबी ३.६६ मीटर. अडथळ्याच्या पायथ्याशी तो सर्वांत खोल, सुमारे अर्धा मीटर, आणि तिथून तळ चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येऊन मिळतो. त्यामुळे जो जितका लांब जाऊन पडेल, त्याला तितके कमी पाणी लागते. बहुतेक धावपटू पट्टीवर एक पाय टेकवतात, शरीर वर उचलू न देता पुढे ढकलतात, खड्ड्याच्या उथळ टोकाशी दुसरा पाय टेकवतात आणि पुढचे पाऊल कोरड्या ट्रॅकवर टाकतात. पट्टीवरून वर उसळी घेणारा मात्र सरळ खाली येतो आणि त्याचा वेग तिथेच मरतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हे सगळ्यांनाच जमते. सहाव्या-सातव्या फेरीत मांड्या भरून येतात, रेटा कमी पडतो, पाऊल वीतभर अलीकडे पडते आणि पाणी गुडघ्याकडे चढते. भिजलेल्या बुटांनी पुन्हा वेग पकडायला पाच-सहा पावले जातात. प्रत्येक फेरीला असा अर्धा सेकंद गेला तरी शेवटी साडेतीन सेकंदांचा फरक पडतो, आणि मोठ्या स्पर्धेत तेवढ्या फरकात पदक जाते.

दुसरी अडचण घोळक्याची. सपाट शर्यतीत पुढच्याच्या पाठीला चिकटून धावले की वारा कमी लागतो आणि दम वाचतो. इथे पाठीला चिकटणाऱ्याला समोरचा अडथळाच दिसत नाही. पुढच्याने उडी मारल्यावर तो एकदम पुढ्यात येतो. पावले मोजून येण्याची सोय नसल्यामुळे डावा-उजवा कुठलाही पाय पुढे टाकून अडथळा ओलांडता यावा लागतो. बाहेरच्या बाजूने धावले तर समोरचे स्वच्छ दिसते, पण वळणावर दर फेरीला काही मीटर जादा पडतात. आतून धावायचे की बाहेरून, हा हिशेब धावपटू आठ मिनिटे सतत करत असतो.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत ओढे-कुंपणे ओलांडत जाण्याच्या घोड्यांच्या शर्यतींवरून ही शर्यत आली. ऑलिंपिकमध्ये १९२० पासून तिचे अंतर ३००० मीटर ठरले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजणाऱ्यांची चूक झाली आणि अंतिम शर्यत एक फेरी जास्त धावली गेली. महिलांसाठी ती ऑलिंपिकमध्ये २००८ साली आली.

विक्रमाची शर्यत आणि पदकाची शर्यत

डायमंड लीगसारख्या स्पर्धांत वेग लावून देणारे पेसमेकर असतात आणि ट्रॅकच्या आतल्या कडेने ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवे असतात. इथिओपियाच्या लामेचा गिर्माने ९ जून २०२३ रोजी पॅरिसमध्ये ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा जागतिक विक्रम केला तो अशाच शर्यतीत. अजिंक्यपद स्पर्धेत यातले काहीही नसते. तिथे वेळेला पदक नाही, क्रमांकाला आहे. पुढे राहून वारा कापण्याची कोणाची तयारी नसेल तर शर्यत रेंगाळते आणि शेवटच्या ३०० मीटरमध्ये सगळे एकदम सुटतात. २०२२ च्या युजीन येथील जागतिक स्पर्धेत मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच धावपटूला सुवर्णासाठी ८ मिनिटे ०६.०५ सेकंद वेळ द्यावी लागली. माणूस तोच, पदकाचा रंग तोच, पण मधे १९ सेकंदांचा फरक. म्हणून केवळ 'टायमिंग' पाहून एखाद्या धावपटूचा दर्जा ठरवला तर या शर्यतीत फसगत होते.

अंतिम फेरीत पोहोचण्याच्या नियमांनीही हेच वळण घेतले आहे. टोकियो ऑलिंपिक आणि २०२२ च्या युजीन स्पर्धेपर्यंत प्रत्येक हीटमधले (प्राथमिक फेरीतल्या एकेका शर्यतीतले) पहिले तीन थेट पात्र ठरत आणि उरलेल्यांतले सर्वांत जलद सहा जण वेळेवर आत येत. २०२३ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेपासून वेळेची वाट बंद झाली; प्रत्येक हीटमधले पहिले पाचच पुढे जातात.

या शर्यतीवर अनेक दशके केनियाचे राज्य होते. १९६८ ते २०१६ या काळात केनियाने भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्ण त्यांच्याकडेच गेले. १९७६ आणि १९८० साली केनियाचा बहिष्कार होता. ही मालिका एल बक्कालीने टोकियोत तोडली. राष्ट्रकुल स्पर्धेत तर १९९८ पासून २०१८ पर्यंत दर वेळी तिन्ही पदके केनियाचीच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने काय केले याचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे लागते.

अविनाश साबळे

जन्म १३ सप्टेंबर १९९४. आईवडील शेती आणि वीटभट्टीवर काम करणारे. घरापासून शाळा सहा किलोमीटरवर आणि यायला-जायला वाहन नाही, म्हणून तो चालत-धावत जाई. बारावीनंतर सैन्यात भरती होऊन तो ५ महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी त्याने सेवा केली. २०१५ साली सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींतून तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. स्टीपलचेस त्याच्या आयुष्यात आली ती २०१७ च्या सुमारास, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळे, म्हणजे वयाच्या बाविशी-तेविशीत. केनियातली मुले ज्या वयात कनिष्ठ गटाची जागतिक पदके घेऊन मोकळी झालेली असतात, त्या वयात याने पहिल्यांदा पाण्याचा खड्डा ओलांडला.

गोपाल सैनीचा १९८१ सालचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे टिकून होता. साबळेने तो २०१८ साली भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद धावून मोडला आणि त्यानंतर स्वतःचेच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगला ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांपर्यंत आणला. सहा वर्षांत जवळजवळ २० सेकंद. या वेगाने प्रत्येक ४०० मीटरला साधारण ६५ सेकंद लागतात, तेही अडथळ्यांसकट.

मोठ्या स्पर्धांतला त्याचा प्रवास सरळ नव्हता. २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत हीटमध्ये इतरांच्या पडापडीत तो अडकला. भारतीय पथकाने दाद मागितल्यावर त्याला अंतिम फेरीत घेतले गेले आणि तिथे तो ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत तेरावा आला. टोकियोत ८ मिनिटे १८.१२ सेकंद हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करूनही तो हीटमध्ये सातवा राहिला आणि बाहेर पडला. दुसऱ्या एका हीटमधले पहिले तिघे त्याच्यापेक्षा सावकाश धावूनही पुढे गेले. बुडापेस्टला पुन्हा सातवा क्रमांक, पुन्हा बाहेर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र हीटमध्ये बरोबर पाचवा येऊन त्याने अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत तो अकरावा आला.

त्याची ताकद कशात आहे हे २०२२ च्या उन्हाळ्यातल्या दोन शर्यती शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते. १८ जुलैला युजीनची ती रेंगाळलेली अंतिम शर्यत : साबळे अकरावा, ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. ६ ऑगस्टला बर्मिंगहॅम : वेग सुरुवातीपासून चढा राहिला, शेवटच्या फेरीपर्यंत केनियाच्या धावपटूंशी त्याची झुंज चालली आणि शेवटचा अडथळा ओलांडल्यावर त्याने अब्राहम किबिवॉटला गाठायला जीव तोडला. किबिवॉट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. त्या वेगात हे अंतर हातभराहूनही कमी. २०१६ चा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो त्याच्या मागे राहिला. तीन आठवड्यांत शरीर बदलत नाही, शर्यतीची चाल बदलते. एकसारखा चढा वेग शेवटपर्यंत टिकवणे ही साबळेची ताकद आहे. शेवटच्या दोनशे मीटरचा झटका ही नव्हे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने हेच ओळखून काम केले. कोणाची वाट न पाहता पुढे निघाला, ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण घेतले (या शर्यतीत भारतीय पुरुषाचे पहिले आशियाई क्रीडा सुवर्ण) आणि तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये १३ मिनिटे २१.०९ सेकंदांत रौप्यही. २०२५ मध्ये गुमी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही त्याने सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

मराठवाड्यातला पाया

धावणारी पोरे मराठवाड्यात कमी नाहीत. बीड, जालना, परभणी, हिंगोली, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला जा, डांबरी रस्त्याच्या कडेने पोरांची रांग दिसेल. ती ऑलिंपिकसाठी धावत नसतात, भरतीसाठी धावत असतात. पोलीस भरतीला १६०० मीटर असतात, सैन्याची शर्यतही तेवढ्याच पल्ल्याची, आणि 'सोळाशेचं टायमिंग किती?' हा त्यांचा एकमेकांना पहिला प्रश्न. कोरडवाहू शेती, दर काही वर्षांनी दुष्काळ आणि दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघणारी ऊसतोड अशा मुलखात वर्दी हा घर सावरण्याचा मार्ग आहे. त्या पोरांच्या कष्टाला कोणी हलके लेखू नये. साबळेही याच वाटेने गेला.

पण या वाटेवर धावणे लवकर संपते. निवड झाली की ड्युटी सुरू होते. वय उलटून गेले की पोरगा मोंढ्यात नाहीतर कंपनीत कामाला लागतो. दोन्हीकडे अठरा ते बावीस ही लांब पल्ल्याचा दम बांधण्याची वर्षे एकाच अंतराच्या घोकंपट्टीत जातात. सोळाशे मीटर जीव खाऊन घड्याळाविरुद्ध पळणे वेगळे आणि आठ मिनिटे पंधरा जणांच्या घोळक्यात डोके शाबूत ठेवून पळणे वेगळे. आपल्याकडची मोफत मैदाने पहिल्याच्या कामाची आहेत. फक्कीने आखलेले वर्तुळ, मध्ये गोळाफेकीची जागा. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते की दर पावलाला वजन वाढत जाते, आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. घोटा मुरगळण्याच्या भीतीने पोरे पुन्हा डांबरावर येतात. डांबरावर वर्षानुवर्षे पळून नडगी दुखावलेली मुले प्रत्येक अकॅडमीत सापडतील.

उंचीचा मुद्दाही आहे. मराठवाड्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर. केनियाचे इटेन २४०० मीटरच्या आसपास आणि साबळेने ज्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला सराव केला ते १८०० मीटरवर. विरळ हवेत राहिल्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते; हे इथे बसून मिळवता येत नाही, त्यासाठी बाहेर पाठवावेच लागते. शेजारच्या दुष्काळी पट्ट्यातून, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातून, ललिता बाबर आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिलाही घडण्यासाठी गाव सोडावेच लागले. परभणीच्या ज्योती गवतेने रस्त्यावरची मॅरेथॉन निवडली, आणि रस्ता तेवढा मराठवाड्यात सगळीकडे आहे.

कोरड्या अडथळ्यांचा सराव मात्र गावात सुरू करता येतो. दोन घट्ट रोवलेले खांब, त्यांवर ९१.४ सें. मी. उंचीला बसवलेला चौकोनी ओंडका, पलीकडे वाळू, आणि एक दिवस डाव्या पायाने, एक दिवस उजव्या पायाने ओलांडण्याचा नेम. लहान मुलांसाठी ओंडका खाली बसवायचा. एवढे शाळेच्या क्रीडाशिक्षकालाही जमण्यासारखे आहे आणि त्याला फारसा खर्च येत नाही. पाण्याच्या अडथळ्याला असा गावठी पर्याय नाही; त्यासाठी उतरता तळ असलेला बांधीव खड्डा आणि त्याला जोडलेला सिंथेटिक ट्रॅक लागतो, आणि आष्टीच्या मुलाला तो नियमित हवा असेल तर गाव सोडून बाहेर जावे लागते.