नव्वदीतला हट्ट, पन्नाशीतली काळजी

इटलीच्या दक्षिणेला चिलेंतो नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या खेड्यांतल्या ९० ते १०१ वयाच्या २९ जणांचा आणि त्यांच्याच घरांतल्या ५१ ते ७५ वयाच्या ५१ जणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात वैद्यकी शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ दिलीप जेस्ते त्यातले एक प्रमुख संशोधक. शरीराने म्हातारी मंडळी जास्त थकलेली होती, हे ओघानेच आलं. पण मनाने ती घरातल्या तरण्यांपेक्षा बरी निघाली. आशावाद, कामाची सवय, घर-देव-जमीन यांची ओढ आणि चक्क हट्टीपणा, असे गुण त्यांच्यात दिसले.

मला यातला हट्ट मोलाचा वाटतो. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायच्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या वस्तीवर जा. आजी ढिगाशेजारी बसून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढते, जोडकांदा बाजूला टाकते. सून म्हणते, "आत्याबाई, उठा आता, ऊन चढलं." आजी मान वर न करता म्हणते, "एवढा ढीग होऊ दे." तिने निवडलेला कांदा पुन्हा कुणी तपासत नाही. तिचा शब्द अजून चालतो.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. रक्तातली साखर वाढते, शरीर सज्ज होतं. प्रसंग सरल्यावर ही पातळी उतरायला हवी. ती चढीच राहिली तर झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळ्यांना झळ बसते. चिवट माणसालाही दुःख होतंच, पण तो सावरतो. आणि परिस्थिती थोडी तरी आपल्या हातात आहे असं वाटलं की ताणाची धार बोथट होते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. माणसांचाही आधार असतोच: २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नाती घट्ट असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

मात्र चिलेंतोतल्या म्हाताऱ्यांपैकी अभ्यासात आले ते नव्वदी गाठलेलेच. वाटेतच गेलेल्यांचा हट्ट कुणी मोजला नाही, त्यामुळे हट्टाने आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि नुसता हट्ट पुरतही नाही: सुरगाणा-पेठच्या दुर्गम पाड्यावर छातीत कळ आली, तर गाडी आणि डॉक्टरच लागतो.

मला जास्त काळजी वाटते ती मधल्या पिढीची. जी जमीन आजीला धरून ठेवते, तिच्यावरच मुलाने पीककर्ज उचललेलं असतं. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते, बाग फुलोऱ्यात येते आणि नेमका अवकाळी कोसळतो. डावणी हा बुरशीचा रोग पडतो, घड कुजतात. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि घरात कुणापाशी बोलायचं नाही. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, माणसांत न मिसळणं हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.