देव गळाला, आवेश उरला

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘एन्थुझिअ‍ॅझम म्हणजे तुमच्या आत वसलेला देव!’ व्युत्पत्ती खरी आहे. ग्रीकमध्ये ‘एन’ म्हणजे आत, ‘थिऑस’ म्हणजे देव. पण ग्रीकांच्या लेखी त्याचा अर्थ होता अंगात येणं, भान हरपणं. आणि मूळ अर्थ तोच खरा मानायचा, तर सतराव्या शतकातल्या इंग्लंडचं काय करायचं?

तिथे हा शब्द चक्क शिवीसारखा वापरत. यादवी युद्धाच्या धामधुमीत ‘देव थेट माझ्याशी बोलतो’ म्हणणारे उदंड झाले होते. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री मोर यांनी १६५६ मध्ये याचं कारण शरीरात शोधलं. तेव्हाच्या वैद्यकानुसार शरीरात चार द्रव असत. त्यांतल्या काळ्या पित्ताला उष्णता लागली की त्यातून वायू उठतो आणि माणसाला तो दैवी संचार वाटतो, असं मोर यांचं म्हणणं. दाखला दिला एओलिपाइलचा: बारीक तोंडाच्या धातूच्या गोळ्यात पाणी भरून तो विस्तवावर ठेवला, की तोंडातून वाफेचा झोत सुटतो. काळं पित्त नावाचा द्रव शरीरात नसतोच, त्यामुळे उपपत्ती साफ चुकली. तरी अंगात आलं म्हणताच हात जोडण्याऐवजी देहाकडे पाहणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे आजही ते पुरेसं होत नाही.

सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशात पहिला अर्थ आहे दैवी साक्षात्काराचा पोकळ समज, दुसरा भावनेचा प्रक्षोभ, तिसरा कल्पनेची भरारी. शब्दाचा अर्थ सरकतो तो असा. जुना अर्थ जायच्या आधीच नवा शेजारी येऊन बसतो. धर्मवेड्याबद्दल बोलताना या शब्दात देवाचा दावाही असे आणि आवेशही. तोच शब्द कवीला लावला की दावा बाजूला पडून आवेश तेवढा ऐकू येतो. पुढच्या पिढीला मग तेवढाच अर्थ मिळतो. अर्थ असा वर चढला की भाषाविज्ञानात त्याला अर्थोत्कर्ष म्हणतात. आपल्या ‘साहस’चंही तेच झालं: धर्मशास्त्रांत साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आज त्याच साहसाला शौर्य पुरस्कार मिळतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने या नामाची शेपटी छाटून ‘एन्थूझ’ हे क्रियापद केलं. आपल्या कॉलेजांतल्या मुलांनी आणखी छाटून ‘एन्थू’ केलं. गंमत म्हणजे देवाने झपाटलेल्याला ग्रीकमध्ये विशेषण होतं ‘एन्थूस’.