टेप ड्राइव्हला कान लावा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या कचेरीचं कपाट उघडलं, तर खालच्या खणात डीडीएस कॅसेटी, म्हणजे संगणकातला डेटा साठवायच्या छोट्या टेपा, अजूनही निघू शकतात. पहिल्या पिढीच्या 90 मीटर टेपेवर 2 जीबी मावायचे. ती वाचायला टेप ड्राइव्ह जोडलेला जुना संगणक चालू करावा, तर पडद्यावर टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत ड्राइव्हकडून उत्तरच नाही! मग बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन थांबण्याची मुदत वाढवतात.

मुदत मुळातच भरपूर असते. लिनक्सचा टेप ड्रायव्हर (ड्राइव्हशी बोलणारं सॉफ्टवेअर) साध्या आज्ञेसाठी 900 सेकंद थांबतो, आणि टेप पुढच्या फाइलपर्यंत सरकवायची असेल तर 14,000 सेकंद, म्हणजे जवळजवळ चार तास. एवढ्यातही उत्तर आलं नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे. कुठे, ते आवाजावरून कळतं.

आतून घरघर चालू असेल, टेप पुढे-मागे होत असेल, तर आज्ञा पोचली आहे पण वाचन जमत नाहीये. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, टेपेचीच भुकटी साचते. नीट वाचता आलं नाही की ड्राइव्ह टेप मागे घेऊन तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तोवर संगणकाला काहीच कळवत नाही. लिहितानाही तसंच: लिहिलेलं तो लगेच वाचून पाहतो, चुकलेलं पुढच्या जागेवर परत लिहितो. इथे क्लीनिंग कॅसेट फिरवावी. अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात, असं माझं मत.

ड्राइव्ह अगदीच गप्प असेल तर संशय स्कझीच्या (SCSI) केबलवर, म्हणजे ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या केबलवर. विजेचा संकेत केबलच्या मोकळ्या टोकाला आपटून परततो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. तो शोषून घ्यायला दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा. मधल्या उपकरणावर मात्र नको. शुक्रवारच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या ड्राइव्हवर आधीच्या मालकाचे जंपर (सेटिंग ठरवणाऱ्या, पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) तसेच असतात, ते पाहावेत. एका केबलवरच्या दोन उपकरणांना एकच आयडी (ओळख-क्रमांक) असला तरी गोंधळ होतो, आणि 7 हा आकडा बहुधा संगणकातल्या स्कझी कार्डानेच घेतलेला असतो.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. एसीतून काढलेल्या थंड कॅसेटवर बाहेरच्या दमट हवेत दव धरतं आणि टेप हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला चिकटू शकते. कॅसेट आणि ड्राइव्ह दिवसभर एकाच खोलीत ठेवावेत. त्यानंतरही पहिल्यांदा बिनकामाची टेप घालावी, आणि मूळ टेपेची सरकती पट्टी भोक उघडं राहील अशी ठेवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.