जास्वंद : नाशिक परिसरातील जोपासना

जास्वंद (शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, कुल माल्व्हेसी) हे भेंडी-कापसाच्या कुलातले सदाहरित फुलझुडूप. नाशिकमध्ये बंगल्याच्या कुंपणापासून गॅलरीतल्या कुंडीपर्यंत ते सर्वत्र आढळते. गणपतीला वाहायची लाल एकेरी जात सर्वांत काटक. पिवळ्या-केशरी संकरित जातींची फुले मोठी, पण झाडे नाजूक. जमिनीत लावायची तर देशी लालच बरी.

येथील काळी माती कसदार असली तरी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि जास्वंदीची मुळे कुजतात. त्यामुळे वाफा वीतभर उंच करून त्यात मुरमाड माती व कुजलेले शेणखत मिसळतात. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून ते फवाऱ्यातून पानांवर द्यावे.

देशी झाडाला बी सहसा धरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी डोळ्याखाली (पान फुटते त्या पेऱ्याखाली) तिरपी कापून, खालची पाने काढून लावतात. महिना-दीड महिन्यात ती मुळे धरते.

फूल एकच दिवस टिकते आणि कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीला महत्त्व आहे. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी चालू झालेली पाहून अनेकजण जास्वंदीवरही कात्री चालवतात. तसे करू नये. नाशिकचा पारा डिसेंबर-जानेवारीत 10 अंश सेल्सियसच्या खाली उतरतो आणि कोवळी फूट नेमकी थंडीत सापडते. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर, फांद्या एक-तृतीयांश कापाव्यात.

मुख्य शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण (मिलीबग). शेंड्याची पाने चुरगळून गोळा होतात आणि खोडावर मुंग्यांची रांग लागते. पांढरे पीठ चिमटीत चोळले की खालून गुलाबी कीड निघते. हीच जात द्राक्षवेलींवरही पडते, त्यामुळे बागेच्या बांधावरची दुर्लक्षित जास्वंद शेजाऱ्याला महागात पडू शकते. ग्रासलेले शेंडे कापून पिशवीत बांधून नष्ट करावेत. त्यानंतर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. मात्र आधी नीट पाहावे. क्रिप्टोलीमस नावाच्या मित्रभुंगेऱ्याची अळीही तशीच पांढरी, झालरीची असते, पण ती आकाराने मोठी व चपळ. ती ढेकणांवर जगते, म्हणून दिसल्यास फवारणी थांबवावी.

एप्रिल-मेमध्ये कळ्या गळतात त्या बहुधा पाण्याच्या ओढाताणीने: चार दिवस कोरडे, मग एकदम भरपूर. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ओल सारखी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. फुले वाढावीत म्हणून डीएपी (भरपूर स्फुरद असलेले रासायनिक खत) ओतण्याची सवय मात्र सोडावी. जास्वंदीला जास्त स्फुरद (फॉस्फरस) मानवत नाही. तिला पालाश (पोटॅश) अधिक लागते.