मण्यार की कवड्या? आधी मान बघा, मग शेपूट

पावसाळा लागला की ट्रेकच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. गडावरच्या गुहेत किंवा पायथ्याच्या देवळात, टॉर्चच्या उजेडात वेटोळं घालून बसलेला, काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला साप. खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मण्यार आहे, ठेचा. दुसरा म्हणतो, कवड्या आहे, बिनविषारी, उचलून बाहेर सोडा. दोघांनीही फक्त रंग पाहिलेला असतो. पहिल्याचं ऐकलं तर बिचारा पाली खाणारा साप मरतो, दुसऱ्याचं ऐकलं तर माणूस मरू शकतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कवड्या तुम्ही पाहिलेला आहेच. घराच्या भिंतीवर पालीच्या मागे चढणारा, हात-दीड हात लांबीचा, चपट्या तोंडाचा बारीक साप. रंगाने तपकिरी, आणि बिनविषारी. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

मण्यार हा नाग, घोणस, फुरसे या जहाल विषारी सापांच्या पंक्तीतला. पूर्ण वाढलेला सुमारे मीटरभर, कधी त्याहून लांब. रंग काळा किंवा निळसर काळा, नुकतं तेल लावल्यासारखा चकचकीत. पण 'काळा तो मण्यार, तपकिरी तो कवड्या' हे डोक्यातून काढून टाका. टॉर्चच्या उजेडात गडद तपकिरी साप काळाच दिसतो. पट्टे मोजणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे, मोजू नका. संख्येवरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते पट्टे कुठून सुरू होतात आणि शेपटीकडे जाताना त्यांचं काय होतं, यावरून. कवड्याचे पट्टे थेट मानेपासून लागतात. मानेजवळचे पट्टे सगळ्यात रुंद आणि ठळक, रंगाने पांढरट-पिवळसर. मागे जावं तसे ते फिके होत जातात आणि शेपटीकडे बहुतेक विरून जातात. मण्यारचं बरोबर उलटं. डोक्यामागचा बराचसा भाग कोराच असतो, फार तर पाठीच्या मधोमध पांढरे ठिपके. मग पट्टे सुरू होतात, दोऱ्यासारखे बारीक, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने, आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट होत जातात. थोडक्यात, कवड्या पुढून पट्टेरी आणि मण्यार मागून.

आता यातली खरी अडचण. मण्यारच्या पिल्लात पट्टे मानेच्या बरेच जवळून सुरू झालेले दिसतात, आणि म्हाताऱ्या मण्यारचे पट्टे पुसट होतात, कधी दिसतही नाहीत. त्यातून पश्चिम घाटात त्रावणकोर कवड्याही आहे. तो इतका गडद असतो, की सरावलेला माणूसही क्षणभर थांबतो. अशा वेळी फोटो मोठा करून पाठीचा कणा बघा. मण्यारच्या कण्यावरून शेजारच्या खवल्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, फरशीच्या मधोमध वेगळ्या लाद्यांची पट्टी बसवावी तशी. कवड्याच्या पाठीवरचे खवले सगळे सारखे. ही खूण वयाने बदलत नाही. मात्र ती फोटोतच बघायची. त्यासाठी सापाजवळ वाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

'विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं' हे वाक्य मला दिसलं की राग येतो. मण्यारचं डोकं गोलसर, बोथट आणि मानेहून फारसं वेगळं न दिसणारं असतं. त्या नियमाने तो साधा साप ठरेल. दुसरं तितकंच घातक वाक्य म्हणजे 'शांत आहे, म्हणजे बिनविषारी'. मण्यार दिवसा सुस्त असतो. डिवचला तर पुष्कळदा वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहतो. उलट कवड्या धरला की कडकडून चावतो. म्हणजे स्वभावावर गेलात तर नेमकं उलट ठरवाल. आणि अंधार पडला की तोच मण्यार चपळ होतो.

हे इतकं ताणून सांगतो, कारण मण्यारचा दंश कळत नाही. गुहेत जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. दुखणं जवळजवळ नाही, सूज नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू थकू लागतात. मुक्कामात पहाटे कुणी पोटदुखीने उठला आणि त्याचे डोळे नीट उघडत नसतील, तर ओवा-सोडा देत बसू नका. करकचून बांधू नका, चिरू नका. त्याला चालायला न लावता उचलून खाली आणा आणि प्रतिसर्पविष (सर्पविषावरचं औषध) व व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात पोहोचवा.

फोटो काढायचाच असेल तर लांबून, झूम करून काढा, आणि त्यात मान आणि शेपूट दोन्ही येऊ द्या. नुसत्या मधल्या वेटोळ्याचा फोटो पाठवून कुणी 'कोणता?' विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मण्यार समजा, बाजूला व्हा, सर्पमित्राला बोलवा आणि आज रात्री तंबूची चेन पूर्ण लावून झोपा.