लासा ताप आधी हॉस्पिटलमध्ये दिसला, पण तो येतो घरातल्या उंदराकडून

उंदरांपासून होणारा आजार म्हटलं की आपल्याला प्लेग आठवतो, नाहीतर पावसाळ्यातला लेप्टो. ते दोन्ही बॅक्टेरियाचे, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बरे होतात. पश्चिम आफ्रिकेतला लासा ताप मात्र व्हायरसचा आहे, आणि नायजेरियात केसेस वाढल्याची बातमी आली की बऱ्याच जणांना तो नवाच काहीतरी आजार वाटतो. तसं नाहीये, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

१९६९ चा जानेवारी. ईशान्य नायजेरियातल्या लासा गावच्या छोट्या मिशन हॉस्पिटलमधल्या नर्स लॉरा वाइन आजारी पडल्या, घसा इतका सुजला की गिळता येईना, कुठलंच औषध लागू पडेना, म्हणून त्यांना विमानाने जॉस शहरात हलवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. त्यांची सेवा करणाऱ्या शार्लट शॉ यांनाही तेच झालं, त्याही गेल्या. मग शॉ यांची काळजी घेणाऱ्या लिली पिनिओ आजारी पडल्या, त्यांना साध्या प्रवासी विमानातून न्यूयॉर्कला नेलं आणि त्या वाचल्या. त्यांचं रक्त येल युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये गेलं, तिथे व्हायरस सापडला आणि गावाचंच नाव त्याला चिकटलं. पण तिथले शास्त्रज्ञ जॉर्डी कासाल्स स्वतःच याच तापाने मरणाच्या दारात पोचले, पिनिओंच्या रक्तातला प्लाझ्मा देऊन त्यांना वाचवलं. त्याच वर्षाच्या शेवटी लासावर काम न करणारा एक लॅब टेक्निशियन या तापाने गेला, तेव्हा येलने जिवंत व्हायरसवरचं काम बंदच केलं. पुढच्या वर्षी जॉसमध्ये पुन्हा साथ आली, त्यात शवविच्छेदन करताना कापल्यामुळे डॉक्टर जीनेट ट्रूप गेल्या.

आता यातून लोकांना काय वाटणार? की हा माणसाकडून माणसाला झपाट्याने पसरणारा भयानक रोग. कारण दिसत होतं ते फक्त हॉस्पिटल. गावात घरोघरी काय चाललंय ते कुणी बघितलंच नव्हतं.

ते चित्र बदललं १९७२ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्याच सिएरा लिओन देशाच्या पूर्व भागात. तिथल्या हिऱ्यांच्या खाणींच्या पट्ट्यात, पांगुमाच्या आसपास साथ आली तेव्हा संशोधकांनी पेशंटच्या घरांत आणि आजूबाजूला शेकडो प्राणी पकडून तपासले आणि व्हायरस मिळाला तो एकाच जातीत, मास्टोमिस नावाच्या उंदरात. मादीला स्तनांच्या ८ ते १२ जोड्या, एका वेतात वीसच्या वर पिल्लंही होतात. व्हायरस असलेला उंदीर आजारी दिसत नाही, मजेत फिरतो आणि त्याच्या मुतातून व्हायरस बाहेर पडत राहतो.

आणि हा उंदीर घरात राहतो, खरी अडचण इथेच आहे. मातीच्या भिंतींत बिळं, पोत्यात भात, उघड्यावर वाळत घातलेला कसावा (आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच), त्याची गारी (किसून भाजलेला रवा) करून लोक रोज खातात. त्यावर उंदीर मुतला की झालं. शिवाय केर काढताना वाळलेल्या मुताची धूळ नाकात जाते, हाताच्या कापलेल्या जागेतून व्हायरस शिरतो, काही भागांत उंदीर पकडून खातात तेव्हा सोलताना रक्त लागतं. कोरड्या दिवसांत शेतात खायला उरलं नाही की उंदीर घरांकडे वळतात, म्हणून नायजेरियात जास्त केसेस डिसेंबर ते एप्रिल अशा दिसतात.

लागण झालेल्यांपैकी साधारण ८० टक्के लोकांना काहीच होत नाही किंवा थोडासा ताप येतो. सुरुवातीला मलेरिया वाटतो, टायफॉइड वाटतो, त्यामुळे पेशंट जनरल वॉर्डात ठेवला जातो, आणि सुई, रक्त, उलटी यातून आजार नर्स आणि डॉक्टरांना लागतो. १९८९ मध्ये दक्षिण नायजेरियातल्या दोन हॉस्पिटलांत तेच झालं, एकच सिरिंज अनेक पेशंटना वापरल्यामुळे. मला वाटतं या रोगाच्या इतिहासात सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखे मृत्यू हेच होते. दाखल झालेल्यांपैकी साधारण १५ टक्के दगावतात, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच वाईट, आणि बरे झालेल्यांतल्या अनेकांना कायमचं बहिरेपण येतं. त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

१९८६ मध्ये सिएरा लिओनमधल्या अभ्यासातून दिसलं की पहिल्या सहा दिवसांत रिबाविरिन हे व्हायरसवरचं औषध दिलं तर मृत्यू कमी होतात. तिथल्याच केनेमा शहरातल्या हॉस्पिटलमधला लासा वॉर्ड डॉक्टर अनिरू कॉन्टे यांनी अनेक वर्षं, यादवी युद्धातसुद्धा, चालवला आणि २००४ मध्ये पेशंटवर उपचार करताना सुई टोचून ते लासानेच गेले. त्यांच्यानंतर आलेले शेख हुमर खान २०१४ मध्ये इबोलाने गेले. एकाच वॉर्डाचे दोन प्रमुख.

२०१८ ला नायजेरियात ६०० च्या वर पक्क्या केसेस झाल्या, तोवरची सगळ्यात मोठी साथ, तेव्हा भीती होती की व्हायरस बदलला आणि आता माणसांतूनच पसरतोय. पण व्हायरसच्या जीनोमची (जनुकीय रचनेची) तपासणी केली तर बहुतेक पेशंटमधले व्हायरस एकमेकांपासून वेगळे निघाले, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या घरातल्या, आपापल्या उंदरापासून लागण झाली होती. मग उंदीरच मारून टाका, असं म्हणणं सोपं आहे. गिनीमधल्या खेड्यांत चार वर्षं घरोघरी विषारी आमिष ठेवून पाहिलं, उंदीर कमी झाले आणि पुढच्या वर्षापर्यंत शेतांतून नवे येऊन पुन्हा तेवढेच झाले, कारण भिंतीतली बिळं तशीच होती आणि धान्यही उघडंच होतं.