मजुरांच्या भुकेतून घडलेले मलेशियन जेवण

शहरातल्या एखाद्या साध्या मलेशियन रेस्टॉरंटमध्ये पोटभर जेवावे आणि बिल बेताचेच यावे, याचे अनेकांना नवल वाटते. या स्वस्ताईचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या पोटापाण्यात आहे.

क्वालालंपूरची वस्ती 1857 च्या सुमारास कथिलाच्या खाणींमुळे उभी राहिली. खाणींत राबायला दक्षिण चीनमधून माणसे आली. पुढे रबराच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी तमिळ मजूर आणले. बहुतेक जण एकटे पुरुष. ना घर, ना चूल. त्यांना हवे होते गरम, झटपट, दिवसभर ताकद टिकवणारे आणि मजुरीत परवडणारे अन्न. डुकराच्या चरबीत भडक्या आचेवर परतलेल्या चपट्या तांदळी नूडल्स, म्हणजे चार क्वे त्याव, ही अशा कष्टकऱ्यांचीच डिश. क्लांग बंदराशी नाव जोडले गेलेले बक कुत तेहही तसेच: हाडामांसाचा, औषधी मुळ्या घालून उकळलेला रस्सा.

मला सर्वांत लोभस वाटते ती पेनांग बेटावरच्या नासी कांदारची, म्हणजे कावडीवरच्या भाताची, कथा. जॉर्ज टाउनच्या बंदरावर तमिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला रश्शांची भांडी. आज कावडी गेल्या, मोठी दुकाने आली, काही तर रात्रंदिवस उघडी असतात. पण वाढण्याची रीत तीच आहे. भातावर मासा, भेंडी, अंडे, कोंबडी, जे दाखवाल ते येते आणि मग तीन-चार वेगवेगळे रस्से एकमेकांत मिसळतील असे वर ओतले जातात. ‘बंजिर’, म्हणजे पूर, म्हटले की भात अक्षरशः बुडतो. बऱ्याच ठिकाणी किमतीची पाटी नसते. ताटाकडे एक नजर टाकून पैसे सांगितले जातात.

याच समाजाच्या मामक टपऱ्यांनी रोती चनाई घरोघरी पोहोचवली. मैद्याचा गोळा तेलात मुरत ठेवायचा, मग हवेत फिरवून कागदासारखा पातळ करायचा, घडी घालून तव्यावर टाकायचा. सोबत डाळ किंवा रस्सा आणि कन्डेन्स्ड मिल्क घालून उंचावरून ओतत फेसाळलेला चहा, तेह तारिक. मैदा, साखर, तेल यांच्या दरांवर मलेशियात सरकारी नियंत्रण राहिले आहे, त्याचाही या न्याहारीला मोठा आधार आहे.

मलय घरांतून आलेली नासी लमाक तर केळीच्या पानात बांधून हातात घेण्याचीच वस्तू: नारळाच्या दुधात पांदानचे सुगंधी पान घालून शिजवलेला भात, सांबल ही मिरचीची तिखट चटणी, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडे. 1909 च्या एका इंग्रजी ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो.

कोपितियमने, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाने, स्वस्ताईला बैठक दिली. हैनान बेटावरचे लोक इतर चिन्यांच्या मागून आले. अनेक जण ब्रिटिशांच्या घरी स्वयंपाकी झाले आणि पुढे त्यांनी कॉफीची दुकाने काढली. मालक चहा-कॉफी विकणार, कोपरे फिरत्या विक्रेत्यांना भाड्याने देणार. प्रत्येक जण एकच पदार्थ करणार, आयुष्यभर तोच. खर्च कमी आणि हात मात्र तयार.

परदेशी शहरांत हे जेवण गेले त्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा. 1951 मध्ये सुरू झालेल्या कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेखाली, मलायातली (आजच्या मलेशियातली) मुले ऑस्ट्रेलियात शिकायला गेली. लंडनमध्ये मलेशिया हॉल या विद्यार्थी वसतिगृहाची कॅन्टीन स्वस्त जेवणासाठी प्रसिद्ध झाली. 2006 मध्ये मलेशिया सरकारने परदेशातल्या मलेशियन रेस्टॉरंटांना बळ देणारी मोहीमच काढली. तिकडे एका कोपितियमचे सगळे कोपरे एकाच स्वयंपाकघरात कोंबावे लागतात, म्हणून मेनू लांबतो आणि स्वयंपाक्याची खरी कसोटी लागते.

2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारी-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अशा रेस्टॉरंटात गेलात तर महागड्या सीफूडआधी कमी किमतीच्या ओळी वाचा. भात खरोखर नारळाच्या दुधात शिजलाय का, सांबल मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतलाय का, रोतीचे पदर सुटतात का, हे तिथेच कळते.